संत एडन आणि भिकाऱ्याला दिलेला घोडा

प्रश्न : सातव्या शतकात संत एडन या आयरिश बिशपांनी इंग्लंडच्या उत्तर भागात धर्मप्रसार केला, असे वाचले. त्यांना तिथली भाषा येत होती का? आणि राजाने दिलेला घोडा त्यांनी भिकाऱ्याला देऊन टाकला, ही गोष्ट कितपत खरी मानावी?

उत्तर : भाषा त्यांना फारशी येत नव्हती, आणि ती अडचण चक्क राजाने दूर केली. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याची तरुणपणीची वर्षे आयरिश लोकांमध्ये परागंदा अवस्थेत गेली होती, त्यामुळे त्याला आयरिश उत्तम येत असे. राज्य हाती आल्यावर त्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील आयोना बेटावरच्या आयरिश मठाकडे बिशप मागितला. आधी पाठवलेला बिशप कडक स्वभावाचा होता. ‘ही माणसे हट्टी आणि रानटी आहेत’ अशी तक्रार घेऊन तो परत आला. त्यावर एडन म्हणाले, की अशिक्षित माणसांना आधी दूध पाजायला हवे होते, तुम्ही त्यांना एकदम जड अन्न वाढलेत. सभेने मग त्यांनाच बिशप करून धाडले. ६३५ मध्ये त्यांनी लिंडिस्फार्नवर मठ स्थापला. भरतीला बेट होणारी आणि ओहोटीला वाळूवरून चालत गाठता येणारी ही जागा राजाच्या बॅम्बरा गढीपासून जवळच होती. एडन प्रवचन करीत आणि राजा स्वतः ते आपल्या सरदारांना इंग्रजीत समजावून सांगे.

घोड्याची गोष्ट बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात येते. एडन शक्यतो पायीच फिरत. नद्या ओलांडायला सोय व्हावी म्हणून नॉर्थम्ब्रियाच्या दक्षिण भागातील डीरा या राज्याच्या ऑस्विन राजाने त्यांना उमदा घोडा दिला होता. तो त्यांनी राजेशाही साजासकट भिकाऱ्याला दिल्यावर राजा रागावला, तेव्हा त्यांनी विचारले, की घोडीचे ते पिल्लू तुम्हाला देवाच्या लेकरापेक्षा जास्त प्रिय आहे काय? शिकारीहून आलेला राजा शेकोटीपाशी उभा राहून विचार करू लागला, मग एकाएकी कमरेची तलवार सोडून त्यांच्या पाया पडला. जेवताना एडनच्या डोळ्यांत पाणी आले. सोबतच्या पुरोहिताने कारण विचारले ते आयरिशमध्ये, कारण ती भाषा या राजाला कळत नव्हती. आणि इतका नम्र राजा फार काळ जगणार नाही, असे एडन उत्तरले.

हे भाकीत घटना घडून गेल्यावर लिहिले गेले आहे, म्हणून ते मी जरा बाजूला ठेवीन. घोडा दिल्याचे मात्र पटते, कारण ईस्टरची तारीख ठरवण्याच्या एडनच्या आयरिश पद्धतीला बीडचा स्पष्ट विरोध होता आणि तरीही त्याने त्यांच्या औदार्याचे मोकळेपणाने कौतुक केले आहे. धनिकांनी दिलेल्या पैशांतून ते गुलामांना सोडवीत, हेही त्यानेच नोंदवले आहे. ऑस्विनचा ऑगस्ट ६५१ मध्ये खून झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी, ३१ ऑगस्टला, बॅम्बराजवळच्या चर्चच्या भिंतीला बाहेरून लावलेल्या लाकडी टेकूला टेकून बसले असताना एडन यांनी प्राण सोडला.