डिझेल मेकॅनिकच्या कोर्ससाठी एफडी मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा 19 वर्षांचा, बारावी झालेला. जेसीबी-पोकलेनचा मेकॅनिक व्हायचंय. एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या कोर्सला दीड लाख मागतेय, नोकरीची हमी देतेय आणि जागा धरायला दहा हजार आगाऊ भरा म्हणतेय. तुमच्याकडे अडीच लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची, पिकायला 14 महिने बाकी. ती मोडावी की संस्थेचा माणूस करून देतो म्हणतो ते कर्ज घ्यावं?

दोन्ही नको. पण मुलाने निवडलेला धंदा चांगला आहे, तो बदलायला लावू नका.

आधी कर्जाचं बघू. दीड लाख, 12 टक्के, तीन वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता 4,982 रुपये. सुरुवातीला मुलगा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून लागेल, असं धरू. त्याला नियमाप्रमाणे विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी किमान रक्कम 7,000 होती, मी गणित त्याच आकड्यावर करतोय. सातातले पाच हप्त्याला गेले तर पोरगं मेसचे पैसे कुठून देणार? एफडी मोडली तर हप्ता नाही, पण दीड लाखावरचं वर्षाचं साडेदहा हजार व्याज बुडतं, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड.

हे सगळं सोसूनही हातात काय येतं, हा खरा प्रश्न. अशा कोर्सांत बरेचदा यंत्र चालवायला शिकवतात आणि नाव मेकॅनिकचं देतात. ऑपरेटर वेगळा, मेकॅनिक वेगळा. 'हमी'चा कागद नीट वाचा, बहुतेक वेळा ती मुलाखतीची हमी असते. नोकरी न मिळाल्यास फी परत, असं लिहून देतात का विचारा आणि चेहरा बघा.

संस्थेत गेलात तर बाकावर उघडलेलं इंजिन बघा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेल 1,600 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 1,600 पट) आणि त्याहून जास्त दाबाने इंजेक्टरपर्यंत, म्हणजे फवारा मारणाऱ्या भागापर्यंत, जातं. धुळीचा बारीक कण गेला तरी इंजेक्टर खराब होतो. म्हणून पाईप सोडवला की दोन्ही तोंडांना लगेच टोप्या बसवायच्या असतात. बाकावर पाईप उघडे पडलेले दिसले तर तिथे दीड लाखाचं शिक्षण नाही, एवढं समजा. शिवाय चालू स्थितीतली यंत्रं किती आणि एका यंत्रामागे पोरं किती, तेही मोजा.

त्यापेक्षा सरकारी आयटीआयचा 'मेकॅनिक डिझेल' ट्रेड धरा. एक वर्षाचा, दहावी पासवर प्रवेश, फी किरकोळ. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत असतो. नंबर लागला नाही तर 'मेकॅनिक ट्रॅक्टर' चालेल. इंजिन आणि हायड्रॉलिक्सचा पाया तिथेही मिळतो. नंतर साधारण वर्षभराची अप्रेंटिसशिप, शक्यतो यंत्रांच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये.

आता तुमच्या पैशांची वाटणी. आयटीआयचं वर्ष घरून एसटीने जाऊन केलं तर गणवेश, पास, पुस्तकं धरून 20,000. ते घरखर्चातून काढा. ऑगस्टला वर्ग सुरू झाला तर तो संपतो आणि एफडी पिकते, दोन्ही जवळपास एकाच वेळी. त्या पैशातून अप्रेंटिसशिपची तूट भरा: खोली, मेस, प्रवास मिळून 9,000 धरले तर विद्यावेतनाचे 7,000 वजा जाता महिन्याला 2,000 कमी पडतील, वर्षाचे 24,000, शिवाय खोलीचं डिपॉझिट 10,000. हत्यारांना 15,000: रिंग आणि डी पाने, अर्ध्या इंची सॉकेट सेट, फीलर गेज, मल्टीमीटर, सेफ्टी शूज. मोठा टॉर्क रेंच वर्कशॉपचा असतो, तो विकत घेऊ नका.

आणखी 40,000 बाजूला ठेवा, ते अप्रेंटिसशिपनंतर इलेक्ट्रिकल आणि डायग्नोस्टिक शिकण्यासाठी. 1 जानेवारी 2025 पासून चाकांवरच्या नव्या बांधकाम यंत्रांना स्टेज 5 ची प्रदूषण मर्यादा लागू झाली. ती पाळायला बसवलेला डीपीएफ, म्हणजे धूर गाळणारा फिल्टर, चोंदला की इंजिनाची ताकद उतरते. तेव्हा नुसता फिल्टर काढून धुण्यात अर्थ नसतो. तो का चोंदला, हे सेन्सरचं रीडिंग बघून ठरवावं लागतं. मला वाटतं, पुढे पगारातला फरक इथेच पडेल.

हे धरून पिकलेल्या एफडीतले 89,000 खर्ची पडले. मुद्दलातलेच 1,61,000 उरतात, त्यांची पुन्हा एफडी करा, पण एक नको, तीन पावत्या करा. अडचण आली तर एकच मोडायची. आणि सध्याची ठेव पतसंस्थेत असेल तर पिकल्यावर बँकेत हलवा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

काम जड यंत्राखालचं आहे. मुलाच्या बचत खात्यावरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आजच सुरू करा: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. आणि ते आगाऊ दहा हजार भरू नका.