कन्सल्टिंग फर्म नक्की काय करतात? स्वतःची माणसं असताना कंपन्या त्यांना एवढे पैसे का देतात?

प्रश्नकर्त्याने खाली लिहिलंय की तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॅम्पसमधून कन्सल्टिंगची ऑफर आलीय. वरची उत्तरं वाचली. सगळ्यांनी ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द इतक्या वेळा वापरलाय की राहवलं नाही.

भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये मी एकोणीस वर्षं काढली, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. २०११ च्या पावसाळ्यात अशाच एका फर्मची चार पोरं आमच्याकडे बारा आठवडे होती. पहिल्या दिवशी सेफ्टी शूज सिक्युरिटीच्या केबिनमधून उसने घेतलेले, त्यातल्या एकाचे दोन नंबर मोठे. बदकासारखा चालायचा बिचारा. पोरं हुशार होती आणि नम्र होती.

तो बदकवाला रोज चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसायचा. “काका, मशीन बंद का असते?” म्हटलं, डाय चेंज. एक पार्ट संपला की प्रेसमधली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरी चढवायची. याला आमच्याकडे अडीच तास जायचे, त्यातलं खरं काम फार तर चाळीस मिनिटांचं. बाकीचा वेळ क्रेनची वाट बघण्यात, कारण क्रेन एकच आणि डायची रॅक शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. क्लॅम्पचे बोल्ट चार मापांचे, म्हणून पाने चार, आणि त्यातला एक पाना कायम टूलरूमवाल्यांनी नेलेला. पुढची डाय शोधायला सुरुवात कधी, तर मशीन थांबल्यावर. अहो, मांडवात पंगत बसल्यावर कोणी आचारी शोधायला निघतं का?

त्याला सांगितलं, पुढची डाय मशीन चालू असतानाच शेजारी आणून ठेवायची. बोल्ट सगळे एका मापाचे करायचे. डायखाली प्लेट मारून सगळ्यांची उंची सारखी करायची, म्हणजे दर वेळी सेटिंगची झटापट नको. हे काही माझं डोकं नव्हे. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने हे शास्त्र केव्हाच बसवून दिलंय, ‘स्मेड’ म्हणतात. डाय बदलायला दहा मिनिटांच्या आत, हे त्याचं उद्दिष्ट. मी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं आणि २००९ मध्येच सजेशनच्या फॉर्मला दोन पानं जोडून प्लांट हेडसाहेबांना दिलं होतं. साहेब म्हणाले, “ठेवा, बघू.”

शेवटच्या प्रेझेंटेशनला मला मागच्या खुर्चीत बसायला बोलावलं होतं. चौतिसावी स्लाइड आली आणि मी सरळ होऊन बसलो. रॅक, बोल्ट, पाना, प्लेट, सगळं तेच. माझी चूकसुद्धा तशीच. चहा पिताना मी क्रेन दहा टनी म्हणून गेलो होतो, आहे ती साडेसात टनी. स्लाइडवर दहा टनी. खाली बारीक अक्षरात ‘स्रोत: टीम अ‍ॅनालिसिस’. मालकांनी मान डोलावली, साहेब म्हणाले, “एक्झॅक्टली हेच आपल्याला हवं होतं.” पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

तर का बोलावतात? माझं मत रोखठोक आहे. बहुतेक वेळा उत्तर घरातच असतं, पण वरच्या माणसाला ते खालच्याकडून घेणं कमीपणाचं वाटतं. आणि बऱ्याचदा निर्णय आधीच झालेला असतो, फक्त बंदूक ठेवायला दुसऱ्याचा खांदा हवा असतो. त्याच रिपोर्टमध्ये पुढे दोन शेडची एक शेड करा, कॉन्ट्रॅक्टची छत्तीस माणसं कमी करा, असं होतं. मालक हे आदल्या दिवाळीपासून बोलत होते. पण माणसं गेटवर जमली तेव्हा सांगायला झालं, “रिपोर्टमध्ये आलंय.” रिपोर्टला घेराव कोण घालणार?

गंमत म्हणजे हा धंदा शॉपफ्लोअरवरूनच निघालाय. फ्रेडरिक टेलर १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये साधा कामगार म्हणून लागला, तिथेच चढत चीफ इंजिनिअर झाला, आणि १८९३ मध्ये कन्सल्टिंग इंजिनिअर म्हणून स्वतःचं काम सुरू केलं. कामगार त्याच्या नावाने बोटं मोडायचे ते वेगळं, पण त्याचे हात तेलात बुडालेले होते. मॅकिन्झी ही कन्सल्टिंग फर्म १९२६ ची, काढणारा अकाउंटिंगचा प्राध्यापक. मग तशाच आणखी दोन मोठ्या फर्म, १९६३ मध्ये बीसीजी, १९७३ मध्ये बेन. तेव्हापासून खुर्ची लेथवरून बोर्डरूममध्ये गेली ती गेलीच. आता सरकारांनाही हेच लागतात. मुंबई दहा वर्षांत जागतिक दर्जाची करायचा २००३ चा अहवाल मॅकिन्झीचाच होता. दादरला संध्याकाळी लोकल पकडताना मला तो आठवतो.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये याल. ती पोरं तीन आठवडे तिन्ही शिफ्टला घड्याळ घेऊन उभी होती. रात्रपाळीत डाय चेंजला तीन तासांच्या वर जातात हे मलाही माहीत नव्हतं. तो वेळ त्यांनी वर्षाच्या रुपयांत मांडला, म्हणून दुसऱ्या रॅकचे पैसे मंजूर झाले आणि सहा महिन्यांत डाय चेंज पन्नास मिनिटांवर आली. दहा मिनिटं शिंगोंनाच जमोत. शिवाय दहा कारखाने आतून पाहिलेला माणूस जे सांगतो ते एकाच शेडमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्याला दिसत नाही, हे मान्य. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) बसवणं, टॅक्स, नवीन मार्केट ही कामं तर वेगळीच, ती मी पाहिलेली नाहीत.

साहेब रिटायर होताना मला म्हणाले, “तुमच्या कागदावर आकडा नव्हता हो.” नव्हता, खरंय. पण साहेब, विचारायचंत की. घड्याळ माझ्याही मनगटावर होतं.

ऑफर घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पगार चांगला असतो, घरचे खूश होतील. मला विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं प्लांटमध्ये काढा, निदान बूट तरी स्वतःच्या मापाचे असतील. आणि गेलातच, तर चहाच्या वेळी ज्याने सांगितलं त्याचं नाव स्लाइडवर टाका. मोठ्या अक्षरात नको. खाली जिथे ‘टीम अ‍ॅनालिसिस’ लिहिता, तिथे एका नावापुरती जागा असते.