वाचकांचे प्रश्न: हेडफोनसाठी बाहेरचा डॅक (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) घ्यायचा तर किती पैसे घालावेत?

प्रश्न (नाशिक): दादा, माझ्याकडे असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स हेडफोन समोरच्या जॅकला लावतो. माऊस हलवला की कानात बारीक किर्रर्र येतं, गेम चालू असला की जास्तच. दुकानदार म्हणतो साउंड चिप भंगार आहे, ३८४ किलोहर्ट्झचा डॅक घ्या, साडेसहा हजार. माझं बजेट कसंबसं चार. काय करू?

उत्तर: आधी एक रुपयाही खर्च करू नका. हेडफोन समोरून काढा आणि मागे मदरबोर्डच्या हिरव्या जॅकला लावा. समोरच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, बरेचदा ग्राफिक्स कार्डाच्या अगदी अंगावरून जाते आणि तिकडची सगळी इलेक्ट्रिकल खरखर ती उचलते, माऊस हलवला की प्रोसेसर आणि कार्डाचं काम बदलतं म्हणून आवाजही बदलतो. चिप भंगार असेलच असं नाही, हल्लीच्या रिअलटेक कंपनीच्या साउंड चिपा ऐकण्यापुरत्या बऱ्याच चांगल्या असतात, घोळ वायरिंगचा असतो. तपासायचं असं: गाणं पॉज करा, आवाज रोजच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा, मग ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक पान भराभर खालीवर सरकवा. मागच्या जॅकला शांत असेल तर तुमचं काम झालं, शंभर-दीडशेची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि विषय संपवा.

मागेही किर्रर्र आलंच, तर मग डॅक बाहेर काढण्यात अर्थ आहे. डॅकचं काम एवढंच की कॉम्प्युटरमधले आकडे घेऊन त्यांचा विजेचा सिग्नल करायचा, आणि हे काम त्या गोंगाटाच्या डब्याबाहेर झालं की बहुतेक त्रास संपतो. यासाठी मी पहिलं नाव घेतो ते अ‍ॅपलच्या यूएसबी-सी ते ३.५ एमएम अडॅप्टरचं. हजाराच्या आसपास मिळतो, आकाराने बोटाएवढा, पण मोजमापात त्याच्या कितीतरी पट किमतीच्या डब्यांच्या बरोबरीने बसतो. साधारण १ व्होल्ट देतो आणि तुमचा एम४०एक्स ३५ ओहमचा आहे (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते माप), तेवढ्यात तो ११० डेसिबलच्या वर जातो. इतक्या आवाजात ऐकायचं नसतंच, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, म्हणजे पॉवर तुम्हाला कमी पडणार नाही.

डेस्कटॉपला सी पोर्ट नसेल तर साधा ए-टू-सी कन्व्हर्टर लावा, चालतं. कोणी नातेवाईक बाहेरून आणणार असतील तर मॉडेल नंबर बघायला सांगा, अमेरिकेतला ए२०४९ पूर्ण व्होल्टेज देतो, युरोपातला ए२१५५ त्याच्या निम्माच देतो. आणि एक अडचण आधीच सांगून ठेवतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हाच अडॅप्टर फार हळू वाजतो. विंडोज आणि मॅकवर हा प्रश्न नाही.

फुटपाथवर किंवा ऑनलाइन दीडशे-दोनशेला मिळणारे अडॅप्टर घेताना मात्र सांभाळा. त्यातल्या काहींत डॅकच नसतो, नुसती वायर असते, ठरावीक फोनांसाठी केलेली, कॉम्प्युटरला लावली तर काहीच वाजत नाही. दुकानातच लॅपटॉपला लावून बघा, विंडोजच्या साउंडच्या यादीत नवीन डिव्हाइस दिसलं तर आत डॅक आहे, नाही दिसलं तर परत द्या.

आता ते ३८४ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला (सॅम्पलिंग) तो आकडा. माणसाचा कान फार फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी, आणि सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग तेवढ्याला पुरून उरतं. सीडीच्या १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलची रेंज मिळते, आपल्या घरात पंखा आणि बाहेरचे हॉर्न धरले तर तीही पूर्ण वापरली जात नाही. तुम्ही ऐकणार यूट्यूब आणि गेम, त्यासाठी ३८४ घेणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर बटाटे तोलणं. दुकानदार मोठा आकडा पुढे करतो कारण खोक्यावर तोच सगळ्यात ठळक छापलेला असतो, त्याला तुमच्या कॅबिनेटमधली वायर दिसत नाही. बजेटमधले उरलेले तीन हजार पुढच्या हेडफोनसाठी बाजूला ठेवा, आवाजात जो फरक पडतो तो तिथेच पडतो हे मी अगदी मनापासून सांगतो.

प्रश्न (कोल्हापूर): मी निवृत्त शिक्षिका आहे. लॅपटॉपवर जुनी नाट्यगीतं आणि रागदारी ऐकते, बरीचशी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली. खरखर फार आहे. मुलगा म्हणतो चांगला डॅक लावला की आवाज स्वच्छ होईल. खरं का?

उत्तर: ताई, नाही होणार. ती खरखर तबकडीच्या खाचेतली आहे, ती रेकॉर्डिंगमध्येच आली आहे आणि डॅक जे येईल ते इमानेइतबारे पुढे देतो, उलट चांगल्या डॅकवर ती कदाचित जास्त स्पष्ट ऐकू येईल. तुमच्यासाठी दोन गोष्टी उपयोगी पडतील. एक, त्याच गायकाची त्याच गाण्याची दुसरी कॉपी शोधा, एकाच तबकडीच्या दोन उतरवण्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कोणी धुऊन चांगल्या सुईने वाजवलेली असते, कोणी तशीच. दोन, फुकटचा एखादा इक्वलायझर (आवाजाचे जाड-बारीक भाग कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) टाकून ६-७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा खाली आणा. तबकड्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या वर गाणं फारसं नसतं, बहुतेक खरखरच असते, त्यामुळे गायकाचं फारसं काही जात नाही. मुलाला म्हणावं पैसे घालायचेच असतील तर कानाला न टोचणारा, कान पूर्ण झाकणारा मऊ गादीचा हेडफोन आण. दोन-दोन तासांची मैफल ऐकायची तर त्याचाच खरा उपयोग.

प्रश्न (बंगळुरू): सेनहायझरचा एचडी ६५० सेकंडहँड मिळाला, ३०० ओहमचा. सगळे म्हणतात आवाज वाढवणारा मोठा अ‍ॅम्प लागतोच, नाहीतर घेतलाच का. लॅपटॉप ऑफिसचा आहे, चार्जर लावला की हेडफोनमध्ये घुर्रर्र येतं. पंधरा हजारांचा डेस्कटॉप डॅक-अ‍ॅम्प बघून ठेवलाय.

उत्तर: ३०० ओहम ऐकून लोक घाबरतात, पण हिशोब करून बघा. या हेडफोनची कंपनीने दिलेली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती विजेला किती आवाज, १ व्होल्टला १०३ डेसिबल आहे. म्हणजे वरचा हजाराचा अडॅप्टरही त्याला १०३ पर्यंत नेतो. सिनेसंगीत, पॉप, पॉडकास्ट याला हे भरपूर झालं. अडचण येते ती हळू रेकॉर्ड केलेल्या गोष्टींत, ऑर्केस्ट्रा किंवा विलंबित ख्याल, जिथे सरासरी आवाज खाली असतो आणि शिखरं अचानक वर जातात. तिथे आवाजाचा स्लायडर टोकाला जाऊन भिडतो. तुम्ही असं ऐकत असाल तर २ व्होल्टच्या आसपास देणारा काहीतरी घ्या, व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल जास्त मिळतात. फियोचा केए११ सारखा डॉंगल (यूएसबीला लावायचा छोटा डॅक) याहून थोडा जास्तच देतो आणि सहसा तीन-चार हजारांत बसतो. कमी ओहमचा, जास्त करंट खाणारा प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन उद्या घेणार असाल तेव्हाच टेबलावरच्या डब्याचा विचार करा. आणि नवीन मॅकबुक प्रो असेल, २०२१ किंवा त्यानंतरचा १४ किंवा १६ इंची, तर काहीच घेऊ नका, त्याचा जॅक १५० ओहमच्या वरचा हेडफोन ओळखून ३ व्होल्टपर्यंत देतो.

तुमचा घुर्रर्र मात्र वेगळा विषय आहे आणि पंधरा हजार घालण्याआधी तो निस्तरा, कारण यूएसबीवर चालणारा डबा घेतलात तर चार्जरची घाण त्याच वायरमधून त्याच्यातही येऊ शकते. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घुर्रर्र गेला तर तो चार्जर-अर्थिंगचा आहे. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं का बघा, वाटत असेल तर तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या कन्व्हर्टरवर लावलेला असणार किंवा भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थिंग नसणार. भाड्याच्या घरात दुसरा प्रकार फार दिसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, हे नुसतं गाण्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठीही करायला हवं. मॉनिटर वगैरे जोडलेला असेल तर त्याचा आणि लॅपटॉपचा प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. एवढं करूनही राहिलाच तर डॉंगल आधी विकणाऱ्याकडून परत करण्याच्या बोलीवर आणा, चार्जर लावून ऐका, आणि शांत वाजला तरच ठेवा.