बोगद्याच्या डोक्यावर राहणाऱ्यांचे प्रश्न

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा. त्यातला घणसोली ते शिळफाटा हा 4.88 किलोमीटरचा भाग 20 सप्टेंबर 2025 रोजी आरपार झाला, आणि त्या पट्ट्यातल्या वाचकांची पत्रं येऊ लागली. त्यांतली चार इथे घेते. मी भूवैज्ञानिक. नोकरीची बहुतेक वर्षं बोगद्यांत खडक बघण्यात गेली, आता कळव्याला राहते. या प्रकल्पावर मी काम केलेलं नाही.

आमची सोसायटी डोंगराच्या बाजूला आहे. खाली सुरुंग लागायचे तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरायची. आता ते थांबलं. पण जिन्याजवळच्या भिंतीला एक तडा आहे. तो जुना की नवा यावरून प्रत्येक मीटिंगमध्ये वाद होतो. आणि उद्या गाड्या धावू लागल्या की ही थरथर रोजचीच होणार का?
— सोसायटीचे सचिव, घणसोली

सचिवसाहेब, तावदान थरथरलं म्हणजे भिंतीला इजा झाली असं नव्हे. माणसाला फार बारीक कंपनही जाणवतं. सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने जमीन हलली तरी आपण दचकून उठतो. इमारतीला त्रास व्हायला त्याहून बराच मोठा धक्का लागतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. राहत्या घराजवळ कंपनं संथ असतील, म्हणजे सेकंदाला आठपेक्षा कमी, तर हा वेग 5 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. कंपनं जलद असतील तर ती मर्यादा 10 आणि 15 पर्यंत वाढते. संथ हादरा घराला जास्त बाधतो, म्हणून तिथे नियम कडक.

तुमच्या बाजूच्या पाच किलोमीटरांत यंत्राने बोगदा खणलेला नाही. तिथे ड्रिलने भोकं पाडायची, दारू भरायची, उडवायची, मलबा काढायचा, लगेच छताला काँक्रीटचा फवारा मारून लोखंडी बोल्ट ठोकायचे आणि पुढे सरकायचं, अशी पद्धत होती. सगळी भोकं एका क्षणी उडवत नाहीत. डिटोनेटरमध्येच मिलिसेकंदांचा उशीर ठेवलेला असतो. आधी मधली उडतात, मग कडेची, म्हणजे हादरा वाटला जातो. प्रत्येक स्फोटानंतर भूवैज्ञानिक समोरच्या ताज्या खडकाचा नकाशा काढतो: भेगा कुठून कुठे जातात, पाणी कुठे झिरपतं, मध्ये लाल मातीचा थर आला का. पारसिकचा डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा खडक एकसंध असतो तेव्हा उत्तम. पण दोन लाव्हांच्या मध्ये तांबडा, चिकट थर येतो तिथे आम्ही सगळे सावध व्हायचो.

आता तड्याकडे वळू. बॅटरी घेऊन अगदी जवळून बघा. तड्याच्या आत रंग शिरलेला दिसला, तर तो तडा शेवटच्या रंगकामाच्या आधीचा आहे. कडा काळवंडल्या असतील, आत धूळ किंवा कोळ्याचं जाळं असेल, तरीही तो जुना. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आतलं प्लास्टर उजळ दिसतं. मग दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. मधोमध प्रयोगशाळेतली काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्क्या गोंदाने चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते, नाही हलली तर शाबूत राहते. घाटातल्या एका कामावर असताना एका आजींच्या घरी मी अशी पट्टी लावली होती. आजी सकाळी चूल पेटवण्याआधी ती बघायच्या आणि मी रस्त्यात दिसले की लांबूनच ओरडून सांगायच्या, "हाय गं, हाय अजून!" त्या घरातली भीती त्या पट्टीने जितकी कमी केली, तितकी माझ्या बोलण्याने केली नव्हती. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, कारण ओलीने आणि उन्हानेही भिंती हलतात.

याहून महत्त्वाचं काम कागदाचं आहे. असं खोदकाम सुरू होण्याआधी आसपासच्या इमारतींची पाहणी करून फोटो काढण्याची पद्धत आहे, आणि स्फोटांच्या वेळी पायाशी कंपनमापक ठेवून त्याची नोंद घेतली जाते. तुमच्या इमारतीची पाहणी झाली असेल तर ते फोटो आणि जवळच्या मापकाच्या नोंदी सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी मागा. मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. राष्ट्रीय हाय स्पीड रेल महामंडळ ही सरकारी कंपनी आहे, तिला तो कायदा लागू आहे. ज्यांच्या घराखालून बोगदा जातो त्यांनी ते आकडे मागितलेच पाहिजेत, आणि मागण्याआधीच ते त्यांच्या हातात पडायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. जिन्याजवळचा वाद त्याशिवाय मिटणार नाही.

धावत्या गाडीचं म्हणाल, तर तिचा हादरा सुरुंगाच्या मानाने फारच थोडा. इथे रूळ खडीवर नसतात. काँक्रीटच्या लाद्यांवर बसतात आणि लाद्यांखाली सिमेंट-डांबराच्या मिश्रणाचा थर असतो, तो धक्का पोटात घेतो. डोंगराखाली बोगदा काही ठिकाणी 114 मीटर खोल आहे. पण घणसोलीजवळ सावलीला बोगद्यापर्यंत उतरण्यासाठी जी उभी विहीर खणली, तिची खोली 39 मीटर, म्हणजे सगळीकडे डोंगराएवढं पांघरूण नाही. म्हणून गाडी सुरू व्हायच्या आत तुमच्या तळमजल्यावर एकदा कंपनमापन करून ठेवा. नंतर तक्रार करायची वेळ आली तर आधीची नोंद लागेल.

आम्ही खाडीत निवटे, चिंबोऱ्या, बोय पकडतो. आधीच मासळी राहिली नाही. आता खाडीच्या खालून गाडी जाणार. खोदताना चिखलपाणी आमच्याच खाडीत सोडणार का? आणि उद्या खाडीचं पाणी बोगद्यात घुसलं तर?
— एक मासेमार, घणसोली गाव

दादा, खाडीखालचा भाग सुमारे 7 किलोमीटरचा आहे. पूल टाकला असता तर खाडीत खांब आले असते आणि काठची कांदळवनं गेली असती. ठाणे खाडी 2015 पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, 2022 मध्ये तिला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. खालून जायचं ठरलं ते यासाठी, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. मात्र बुलेट ट्रेनमुळे कांदळवन तुटलंच नाही असं कुणी म्हणू नये. पूर्ण मार्गासाठी आधी 53 हजारांच्या वर झाडं तोडायची होती. आराखडा बदलून आकडा सुमारे 22 हजारांवर आला, आणि डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली. बदल्यात पाचपट लागवडीची हमी आहे. ती झाडं कुठे लावली, जगली किती, हे विचारायचा पहिला हक्क तुमचा, कारण चिंबोरी वाढते ती त्यांच्याच मुळांत.

खाडीखाली सुरुंग नाहीत, तिथे यंत्र आहे. साडेतेरा मीटरच्या आसपास व्यासाचं चक्र, मेट्रोच्या यंत्रांच्या दुप्पट. एकाच नळीत जाणारा आणि येणारा असे दोन्ही मार्ग बसवायचे म्हणून एवढं मोठं. चक्राच्या पुढे पातळ चिखल दाबाने भरलेला ठेवतात. वरच्या पाण्याचा जितका दाब, तितकाच आतून परत द्यायचा, म्हणजे पाणी घुसत नाही. यंत्र जसं पुढे जातं तसं मागे काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसत जातं आणि तुकड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या असतात. तरी थोडं झिरपतंच, आणि ते कायम उपसावं लागतं. जपानचा सेइकान बोगदा समुद्राखाली 23.3 किलोमीटर आहे. खोदताना त्यात चार वेळा पाणी भरलं होतं. 1988 पासून त्यातून गाड्या धावतात आणि पंप आजही चालू आहेत. तेव्हा "पाणी येणारच नाही" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पंप किती, वीज गेली तर पर्यायी सोय कोणती, हे विचारा.

चिखलपाण्याची तुमची शंका अगदी रास्त आहे. पंपाने बाहेर काढलेल्या चिखलातून दगड-वाळू वेगळी करणारा कारखाना विहिरीजवळ बसवतात आणि उरलेलं पाणी शक्य तितकं पुन्हा वापरतात. जे सोडायचं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटींत बसलं पाहिजे. सोडण्याची जागा कोणती आणि तपासणीचे आकडे काय, हे तुमच्या मच्छीमार सोसायटीने लेखी विचारावं. यंत्राने खणायच्या 16 किलोमीटरांचा मी ढोबळ हिशेब केला. 23 लाख घनमीटर खडक निघेल, आणि सुटा झाल्यावर त्याचा ढीग दीडपट होईल. एका डंपरमध्ये 10 घनमीटर धरले तर साडेतीन लाखांच्या आसपास खेपा. एवढा मलबा कुठे पडतो यावर खाडीकाठच्या प्रत्येक गावाने डोळा ठेवावा. खाडीत गाळ आणि कारखान्यांचं सांडपाणी आधीच पुष्कळ उतरलं आहे, तिला आणखी एक मूठ नको.

मी अकरावीत आहे. जपानी गाड्या बोगद्यात शिरल्या की दुसऱ्या टोकाला तोफेसारखा आवाज येतो असं वाचलं. शिळफाट्याला तसं होईल का? आणि आत आपले कान दुखतील का?
— विद्यार्थिनी, डोंबिवली

छान प्रश्न. गाडी वेगाने तोंडात शिरते तेव्हा समोरच्या हवेला बाजूला व्हायला जागा नसते. ती दाबली जाते आणि तो दाब लाटेसारखा, आवाजाच्या वेगाने, गाडीच्या कितीतरी आधी दुसऱ्या टोकाला पोहोचतो. गुळगुळीत लाद्यांच्या लांब बोगद्यात ही लाट जाताजाता आणखी टोकदार होते, आणि बाहेर पडताना धाडकन आवाज येतो. या आवाजाची ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर आवाज आठपट, हे गणित तू करून बघ.

जपानने यावर दोन उपाय केले. बोगद्याच्या तोंडाला बाजूने झरोके असलेली काँक्रीटची टोपी बसवली, म्हणजे दाब हळूहळू चढतो. आणि गाडीचं नाक लांब केलं. 1997 च्या 500 मालिकेच्या गाडीचं नाक खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून सुचलं. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा शिंतोडे किती कमी उडतात ते त्या अभियंत्याने पाहिलं होतं, कारण तो स्वतः पक्षीनिरीक्षक होता. पुढच्या ई-5 गाडीचं नाक तर 15 मीटर लांब आहे. आपल्याकडे दोन मार्गांची रुंद नळी आहे, तिचाही फायदा होतो, कारण हवेला जागा जास्त मिळते. आणि वांद्र्याच्या टोकाला तर गाडी सुटत किंवा थांबत असणार, तिथे वेगच कमी. शिळफाट्याच्या तोंडाकडे लक्ष द्यायला हवं. कानांची काळजी नको, डबे हवाबंद असतात. 2022 पर्यंत आपल्या फास्ट लोकल पारसिकच्या 1916 च्या बोगद्यातून जायच्या, तेव्हा आत शिरताना दारातल्या माणसाच्या कानांना जो दडा बसायचा, तो इथे बसणार नाही.

स्टेशनला नाव ठाण्याचं, पण ते होणार आमच्या शेजारी म्हातार्डीला. दिव्याच्या माणसाला सकाळी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. या गाडीचं आम्ही करायचं काय?
— एक नोकरदार, दिवा

तुमचा राग मला पोचला, कारण त्याच लोकलने मीही जाते. बुलेट ट्रेन तुमची सकाळ हलकी करणार नाही. तसं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. वांद्र्यापासून शिळफाट्यापर्यंत 21 किलोमीटरांत एकही स्थानक नाही. विक्रोळी, घणसोली यांच्या पोटातून ती नुसती जाणार. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं पहिलं स्थानक तुमचं, आणि ते जमिनीवरून उंच बांधलं जाणार आहे.

म्हणून मागणी त्या स्थानकाभोवतीची करा. दिवा स्टेशन ते म्हातार्डी चालत जाता येईल असा पदपथ, कोपरकडून बस, पुरात न बुडणारा रस्ता. लोकलच्या फेऱ्यांची तुमची जुनी मागणी वेगळी ठेवा आणि बुलेट ट्रेनच्या नावाखाली ती मागे पडू देऊ नका. परिसराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा मुदत थोडी असते. प्रवासी संघटनेतल्या दोघांनी महापालिकेच्या नोटिसांवर आतापासूनच लक्ष ठेवावं, आणि हरकत लिहिताना नकाशावर खूण करून जोडावी. मसुदा मला पाठवलात तर मी वाचून देईन.