पूजा देवाची, दप्तर कायद्याचं
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगी हिंदू, मुलगा ख्रिस्ती. मुलीचं घर साताऱ्यात, मुलगा गेली तीन वर्षं नोकरीसाठी पुण्यात आहे. एक वकील म्हणतात, ‘आधी कुणीतरी धर्म बदला, मग वैदिक पद्धतीनं लग्न लावून नोंदणी करू, एका दिवसात काम होईल.’ दोघांनाही धर्म बदलायचा नाही. दुसरा मार्ग आहे का? (सातारा)

आहे, आणि तो 1954 पासून आहे. विशेष विवाह अधिनियमात वधूवरांचा धर्म विचारातच घेतला जात नाही. मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षं पूर्ण हवीत, दोघांपैकी कुणाचा पहिला जोडीदार हयात नसावा (घटस्फोट झालेला असल्यास गोष्ट वेगळी), दोघंही संमती देण्याच्या मनःस्थितीत असावीत आणि नातं निषिद्ध नात्यांमध्ये बसू नये. अटी एवढ्याच आहेत.

‘एका दिवसात’ हा सल्ला महागात पडतो. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न वैध ठरायला लग्नाच्या वेळी दोघंही त्या कायद्याच्या अर्थानं हिंदू असावे लागतात. हिंदू मुलगी आणि ख्रिस्ती मुलगा यांनी हिंदू पद्धतीनं लग्न केलं होतं, त्याची नोंदणीही झाली होती, तरी सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये ते लग्न वैध नसल्याचा निकाल दिला. नोंदणीचा कागद हातात असूनही उपयोग झाला नाही. मनात नसलेलं धर्मांतर केवळ कागदोपत्री केलं, तर पुढे वारसाहक्काच्या किंवा पोटगीच्या वादात समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

आता क्रम. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग किमान 30 दिवस राहत असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. तुमच्या बाबतीत पुणे आणि सातारा, दोन्ही चालतील. राहण्याचा पुरावा मात्र त्याच जिल्ह्याचा हवा. मुलाच्या आधारवर गावचा पत्ता आणि भाडेकरार कालचा, असं असलं की अर्ज तिथेच अडतो. नोटीस नोंदवहीत चढते, तिची प्रत कार्यालयातल्या फलकावर लागते आणि ही नोंदवही कुणालाही विनाशुल्क बघता येते. शिवाय एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथल्या फलकावर लागते. पुण्यात नोटीस दिली म्हणून साताऱ्यात कुणाला कळणार नाही, असं समजू नका. नोटीस घरी पाठवण्याची तरतूद मात्र कायद्यात नाही. कुणी कर्मचारी तसं म्हणाला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा.

नोटीस लागल्यापासून 30 दिवसांत हरकत घेता येते, पण फक्त वर दिलेल्या अटींपैकी एखादी मोडत असेल तरच. ‘आमची संमती नाही’, ‘मुलगा वेगळ्या धर्माचा आहे’ या कायद्याच्या दृष्टीनं हरकतीच नव्हेत. खरी हरकत आली तर अधिकाऱ्यानं 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला 1,000 रुपयांपर्यंत भरपाई भरायला लावता येते. ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण कायद्यात तीच आहे.

हरकत आली नाही तर लग्न कधी? समजा नोटीस 1 जूनला दिली आणि त्याच दिवशी फलकावर लागली, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून लग्न लावता येईल आणि नोटीस ऑगस्टअखेरपर्यंत चालेल. नोटीस दिल्यापासून तीन महिने उलटले की ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. सुट्टी मिळत नाही, मुहूर्त जुळत नाही म्हणून लांबवणाऱ्या जोडप्यांची गाडी नेहमी इथेच चुकते. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह हजर हवेत. विधी कोणताही करा, पण अधिकारी आणि साक्षीदारांसमोर, एकमेकांना समजेल अशा भाषेत, ‘मी तुझा कायदेशीर पती म्हणून किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो/करते’ असं दोघांनी म्हणणं बंधनकारक आहे.

अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. तो निकाल दाखवून महाराष्ट्रात नोटीस टाळता येईल, या भरवशावर राहू नका. तो इथल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही. घरून धोका वाटत असेल तर नोटीस देण्याआधीच पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उच्च न्यायालयात संरक्षण मागताना ती पोच पहिली लागते.

वारसाहक्काचं कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. या कायद्याखाली हिंदू आणि ख्रिस्ती असं लग्न झालं की दोघांच्या मालमत्तेला भारतीय वारसा अधिनियम 1925 लागू होतो. मृत्युपत्र न करता पती गेला तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी भेद न करता मुलांना मिळतं. मुलं असतील तर त्याच्या आईला काहीच मिळत नाही. आईची काळजी असेल तर मृत्युपत्र करून ठेवा. मुलगी हिंदू एकत्र कुटुंबातून कायद्यानं विभक्त झाली असं धरलं जातं, पण तिचा हिस्सा बुडत नाही. वधूवर दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हा फरक लागू होत नाही. म्हणजे हिंदू आणि बौद्ध जोडप्यानं याच कायद्याखाली लग्न केलं तरी हिंदू वारसा कायदाच राहतो.

प्रश्न : आमच्या गावच्या देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष चार वर्षांपूर्वी वारले. आता सभामंडपासाठी देवळाची एक एकर जमीन विकायचं ठरलं आहे. धर्मादाय कार्यालय म्हणतं, तुम्ही विश्वस्तच नाही! आमच्या देवाच्या कामात सरकारनं का पडावं? (जि. अहिल्यानगर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात अर्धा राग आहे. मुंबई सरकारनं 1950 मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला, तेव्हा जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त नेमकं हेच म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 1954 च्या निकालात न्यायालयानं रेघ ओढली. धर्माचा कारभार कसा चालवायचा, हा पंथाचा हक्क आहे. मालमत्तेच्या व्यवस्थापनावर मात्र सरकार कायद्यानं नियंत्रण ठेवू शकतं, पण ते व्यवस्थापन पंथाच्या हातून पूर्णपणे काढून घेऊ शकत नाही. म्हणून धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त करण्याची तरतूद त्या निकालात टिकली नाही आणि हिशेब तपासण्याच्या तरतुदी टिकल्या. काकडआरती किती वाजता करायची, हे कार्यालय सांगू शकत नाही. दानपेटीचा हिशेब मागू शकतं.

आता तुमचं काम. पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा (परिशिष्ट एकचा), ताजा उतारा काढा. त्यावर अजून वारलेल्या अध्यक्षांचंच नाव असेल. कार्यालयाला त्या उताऱ्यावरची नावंच विश्वस्त म्हणून ठाऊक असतात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अर्ज, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, द्यावा लागतो. तुमची चार वर्षं गेली आहेत, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज आणि उशिराचं खरं कारण द्या. जोडायचं काय, तर मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, ठरावाची प्रत आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं. यातला नोटीस पोचल्याचा पुरावा गावोगावी गायब असतो. देवळावर कर्ण्यावरून पुकारलं होतं, हे चौकशीत टिकत नाही आणि नाराज गट तेवढ्यावर वर्षानुवर्षं हरकत लढवतो. यापुढे नोटीस-बुकात सही घ्या, बाहेरगावच्यांना टपालानं पाठवा, आणि ट्रस्टच्या घटनेत सभेसाठी जितके दिवस आधी सूचना द्यायला सांगितली आहे तितके दिवस मोजूनच सभा घ्या.

विक्रीसाठी कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती नसेल तर खरेदीखत अवैध. भाडेपट्ट्यालाही हेच: शेतजमीन 10 वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांहून अधिक काळ द्यायची असेल तर परवानगी हवी. कर्ज काढायचं तरी कलम 36अ आहेच. अर्जासोबत ठराव, मूल्यांकन अहवाल, वर्तमानपत्रातली निविदा आणि विकण्याची निकड दाखवणारी कागदपत्रं द्या. ‘सभामंडप बांधायचा आहे’ एवढं निकड म्हणून पुरत नाही. अंदाजपत्रक दाखवा, लोकवर्गणीतून किती जमलं ते दाखवा.

पण त्याआधी सातबारा नीट वाचा. जमीन देवस्थान इनाम, वर्ग 3, म्हणजे देवळाच्या खर्चासाठी पूर्वी इनाम मिळालेली, असेल तर प्रश्न महसूल खात्यात जातो आणि धर्मादायच्या एकट्या परवानगीनं भागत नाही. पुजाऱ्याचं नाव लागलं आहे म्हणून ती त्याची, हाही समज सोडा. मालक देव, पुजारी फक्त सांभाळणारा, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2021 मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आमचं मत विचाराल तर विकू नका. सभामंडप वर्गणीतून होतो. गेलेली जमीन परत येत नाही.

प्रश्न : कोणताच धर्म लावायचा नाही. राजपत्रात तसं करता येईल का? (ठाणे)

नाव, जन्मतारीख आणि धर्म यांतल्या बदलांसाठी राज्याच्या राजपत्रात वेगवेगळे अर्ज आहेत. शासकीय मुद्रणालयानं ‘धर्म नाही’ अशी नोंद नाकारली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. राज्यघटनेच्या कलम 25 मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचाही हक्क येतो आणि कुठल्याही अर्जात धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयानं सप्टेंबर 2014 मध्ये सांगितलं. अर्ज परत आला तर या निकालाची प्रत जोडून पुन्हा द्या. एक लक्षात ठेवा: राजपत्रातल्या नोंदीनं तुम्हाला लागू असलेला वारसा कायदा आपोआप बदलत नाही.

प्रश्न : गावकीनं आम्हाला वाळीत टाकलं आहे. दुकानात माल देत नाहीत, पालखी दारावरून पुढे नेतात. पोलीस म्हणतात, हा तुमचा समाजाचा प्रश्न. (जि. रायगड)

तो पोलिसांचाच प्रश्न आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. बहिष्कार टाकणं हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतः नोंदवून तपास करायचा, गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या बैठकीत ठरलं, तिथं बाजूनं मत देणाराही त्यात येतो. दंडाची रक्कम पीडिताला देता येते.

केस कच्ची राहते ती तक्रारीमुळे. ‘गाव बोलत नाही’ असं लिहून चालत नाही. कुठल्या तारखेला, कुणाच्या अंगणात बैठक झाली, कोण काय म्हणालं, कोणत्या दुकानदारानं कोणत्या दिवशी माल नाकारला, हे एकेक ओळीत लिहा. गावकीनं दंड मागितला असेल तर ती पावती किंवा व्हॉट्सॲपचा संदेश सोन्याच्या मोलाचा, मूळ फोन फॉरमॅट करू नका. पोलिसांनी घेतलं नाही तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

हे धर्माच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ आहे, असा युक्तिवाद समोरून येईल. त्याला इतिहास आहे. मुंबई राज्याचा 1949 चा बहिष्कारबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला होता. तो निकाल योग्य होता का, हा प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला आहे. पण तुमच्या गावकीचा किराणा बंद करण्याशी कुठल्या धर्मगुरूच्या अधिकाराचा संबंध आहे? वकिलाला हेच विचारायला सांगा.

प्रश्न : आमच्या देवळात सोवळं नेसलेले पुरुष गाभाऱ्यात जातात, बायकांना मनाई. चालतं का? (नाशिक)

नाही. सार्वजनिक हिंदू देवस्थानांतल्या प्रवेशाचा राज्याचा 1956 चा कायदा आहे, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद 2016 मध्ये याच कायद्याच्या आधारावर उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिलमध्ये बायका चौथऱ्यावर चढल्या. मात्र पुजाऱ्याखेरीज गाभारा सगळ्यांनाच बंद असेल, पुरुषांनाही, तर हा कायदा तुमच्या कामाचा नाही. तेव्हा तक्रारीत आधी लिहा: अमुक तारखेला अमुक पुरुष भाविक, जे पुजारी नाहीत, आत गेले.