रस्त्यावरच्या मुलांसाठी सहकुटुंब केनियात मिशनकार्याला जायचं आहे. तयारी कुठून सुरू करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंदूरच्याच, दोघंही नोकरी करता, मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत आहे, आणि नैरोबीतल्या रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करण्याचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, तुम्हा दोघांनाही झालंय. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सगळे 'प्रार्थनेत आठवण ठेवू' म्हणतात, पण तयारी म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. वर सासरे विचारतात, 'इथली मुलं कमी पडली का?' मी आणि माझे मिस्टर मुलांना घेऊन काही वर्षं नैरोबीत याच कामात होतो. आता परत इंदूरला आहोत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, आणि बाकीचं बरंचसं हिच्यावरच अवलंबून आहे. तिथे जाऊन आपला एक अनाथाश्रम काढावा असं मनात असेल तर तो विचार आत्ताच सोडा. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मुलांना कुणी ना कुणी असतं. आई असते, आजी असते, गावाकडे एखादी मावशी असते. मूल घर सोडतं ते माराला कंटाळून, सावत्र बापाच्या भीतीने, आई आजारपणात गेली म्हणून, किंवा घरात दोन वेळचं मिळत नाही म्हणून. केनियात २०१८ मध्ये रस्त्यावर राहणाऱ्यांची गणना झाली तेव्हा देशभरात ४६ हजारांहून जास्त माणसं मोजली गेली. त्यांच्यासाठी चार भिंती बांधत बसलो तर भिंती संपायच्या नाहीत, आणि भिंतींच्या आशेने आणखी घरं आपली मुलं पाठवायला लागतात. हे तिथल्या सरकारलाही कळलंय. २०१७ पासून त्यांनी नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ च्या बालक कायद्याचा भरही मुलाला कुटुंबात वाढवण्यावर आहे.

मग काम काय उरतं? सगळं काम तिथूनच सुरू होतं. मुलाशी ओळख करायची, त्याचा विश्वास बसेपर्यंत थांबायचं, त्याचं घर शोधायचं, आधी एकट्याने जाऊन ते घर बघून यायचं, मग मुलाला घेऊन जायचं. आणि घरी पोचवल्यावर ते घर धरून ठेवायचं. गणवेश, शाळेची फी, आईला भाजीच्या गाड्यासाठी थोडं भांडवल, महिन्यातून एखादी चक्कर. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. एखादं मूल तीनदा घरी जातं आणि तीनदा परत रस्त्यावर येतं. हे काम स्थानिक समाजसेवकच चांगलं करतात, कारण गाव, भाषा आणि नात्यागोत्याचे ताणेबाणे त्यांना कळतात. तुम्ही त्यांच्या हाताखाली जायचं. एखाद्या जुन्या, नोंदणीकृत, केनियन लोकांनीच चालवलेल्या संस्थेला विचारा: तुम्हाला कशाची गरज आहे? हिशेब ठेवणारा हवा असेल, नर्स हवी असेल, सुतारकाम किंवा शिवण शिकवणारं कुणी हवं असेल. तुम्हा दोघांच्या नोकरीतलं कसब त्यांच्या कामी येत असेल तरच पुढचं बोला.

आणि जायचं तर निदान दोन-तीन वर्षांसाठी जा. सुट्टीत दोन आठवडे येऊन मुलांना मांडीवर घेणारे, गाणी म्हणणारे आणि विमानतळावर रडणारे पाहुणे नैरोबीत खूप येतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या मुलाला घरच्यांनी एकदा टाकलंय, त्याला दर दोन महिन्यांनी नव्या माणसाने जीव लावून सोडून जावं हे मला पाहवत नसे. काही मुलं मग कुणाच्याही गळ्यात पडायला शिकतात. बघणाऱ्याला ते प्रेम वाटतं. ती जखम असते.

सुवार्तेबद्दल स्पष्टच लिहिते. २०१९ च्या जनगणनेत केनियाचे ८५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत गल्लोगल्ली पत्र्याची चर्च आहेत, रविवारी एका चर्चच्या कर्ण्यातला आवाज दुसऱ्याच्या उपासनेत ऐकू येतो. रस्त्यावरच्या पोरांना गीतं तोंडपाठ असतात. आमच्याकडे दुपारी जेवायला येणारा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. स्वेटरच्या बाहीत गोंदाची बाटली लपवलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि गीताची चारही कडवी बिनचूक म्हणायचा. त्याला येशूचं नाव सांगायला इंदूरहून कुणी यायची गरज नव्हती. त्याला चर्चच्या दारातून हाकलून दिलेलं होतं, ते त्याच्या जास्त लक्षात होतं. म्हणून तुमची साक्ष ही मुख्यतः रोज ठरलेल्या वेळी तिथे असण्यातून जाणार आहे. 'आधी प्रार्थना, मग जेवण' अशी रांग कधीही लावू नका. भुकेल्या मुलाच्या तोंडून वदवून घेतलेली प्रार्थना प्रभूला नको असते, असं मी मनापासून मानते. ताट आधी द्या. ज्याला मागाहून बसून बोलायचंय तो आपणहून बसतो.

गोंदाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याची तयारी घरी बसून होत नाही. चांभाराचा गोंद बाटलीत ओतून ती नाकाखाली धरतात. त्याने भूक मरते, थंडी मरते. (नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, जुलैच्या रात्री चांगल्याच गार असतात. आफ्रिका म्हणजे ऊन अशा समजुतीने सुती कपडे भरून नेऊ नका.) मुलाच्या हातातली बाटली हिसकावू नका आणि त्याचा पाठलाग तर कधीच करू नका. या वाफांमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात, अशात घाबरून पळत सुटलेलं मूल जागच्या जागी दगावू शकतं. आमच्या केंद्रावरचे दादा दारात एक खोकं ठेवायचे. आत येताना बाटली खोक्यात ठेवायची, जाताना मागितली तर ती परत मिळायची. ती परत द्यायची हे मला सुरुवातीला पटायचंच नाही. पण परत मिळते म्हणूनच मुलं ती खोक्यात ठेवत, दोन तास शुद्धीत राहत, जेवत, पाटीवर काहीतरी गिरवत. पुढे एखादा मागायला विसरायचा.

याचा सराव इंदूरला करता येतो आणि करायलाच हवा. रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्थानक या पट्ट्यात पंक्चरचं सोल्युशन रुमालात ओढणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. २०२५ पासून शहरात भीक देण्यावर बंदी आली, तरी ही मुलं नाहीशी झालेली नाहीत, फक्त सिग्नलवरून हलली. इथे मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव द्या आणि आठवड्याचा एक ठरलेला वार वर्षभर पाळा. एखादं मूल कितीही केविलवाणं दिसलं तरी परस्पर घरी आणून ठेवू नका. कायद्याने त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, ते लोक पुढचं बघतात. आणि इथे त्या वेळात धर्माविषयी बोलू नका. मध्य प्रदेशात आमिषाने किंवा बळजबरीने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि तुमच्यामुळे ती संस्था अडचणीत येईल, हे एक कारण. दुसरं म्हणजे, काही न सांगता नुसतं सोबत बसायची सवय लागते, आणि नैरोबीत सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडते. वर्षभर ठरलेला वार पाळणं जमलं नाही, तर परदेशात रोजचा दिवस पाळणं जमणार नाही. तेव्हा मग प्रार्थनेत पुन्हा विचारा.

आता तुमच्या स्वतःच्या मुलांविषयी. प्रश्नात तुम्ही त्यांची इयत्ता लिहिलीत, पण त्यांचं म्हणणं लिहिलं नाहीत. पाचारण तुम्हा दोघांना झालंय, त्यांना नाही. सातवीतल्या मुलीला सगळं कळतं. तिच्या मैत्रिणी, तिचं नाचाचं किंवा चित्रांचं जे काही असेल ते, आजीचं घर, हे सगळं तिच्याकडून काढून घेतलं जाणार आहे. तिला आधी विचारा, आणि ती नाही म्हणाली तर लगेच बायबलचं वचन काढून तिला गप्प करू नका. तिचं 'नाही' आठवडाभर घरात राहू द्या. आमची मोठी रागावून म्हणाली होती, 'ज्या मुलांना आई नाही त्यांची तू आई होणार, मग मी काय करू?' यावर तोंडी उत्तर नसतंच. आम्ही काही नियम केले आणि ते मोडले नाहीत. संध्याकाळी सहानंतरची आई घरच्या मुलांची. त्यांचे कपडे, पुस्तकं, खेळणी त्यांना विचारल्याशिवाय कुणालाही द्यायची नाहीत. आठवड्यातला एक दिवस कामाचं नावही काढायचं नाही. आणि मंडळीला पाठवायच्या पत्रात 'आमची मुलं किती आनंदाने सेवा करतात' असलं काही लिहायचं नाही.

शाळेचं गणित आधी मांडा. सीबीएसईत नववीला नोंदणी होते आणि दहावी त्याच नोंदणीवर होते, त्यामुळे ऐन नववी-दहावीच्या मध्ये मुलीला हलवू नका. जायचं तर आठवीच्या आत जा किंवा दहावी होऊ द्या. तिथल्या खासगी शाळांची फी भारी असते, ती खर्चात धरा. घरी शिकवायचं तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा विचार करता येतो, पण मग आई-वडिलांपैकी एकाचा अर्धा दिवस त्यातच जातो.

एक बाब नाजूक आहे, तरी लिहिते. मुलांमध्ये काम करायला वाईट माणसंही येतात, आणि ख्रिस्ती नावाखाली येतात. चांगली संस्था तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याचा दाखला मागते, तुमच्या आधीच्या ठिकाणी चौकशी करते, मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही अशी अट लिहून घेते. राग मानू नका. असं काहीही न विचारता 'या, या, देवाचं काम आहे' म्हणणाऱ्या संस्थेत जाऊ नका. तसंच मुलांचे चेहरे दिसणारे फोटो इथे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मंडळीने कितीही आग्रह केला तरी. तुमच्या मुलाचा सगळ्यात वाईट दिवसातला फोटो कुणी असा फिरवलेला तुम्हाला चालेल का?

कागदपत्रं भराभर सांगते. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवेतूनच होतो, इंदूरला केंद्र आहे. केनियात पर्यटक म्हणून उतरून काम करू नका. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी वेगळा परवाना आहे, त्याला क्लास आय म्हणतात, आणि तो तिथल्या संस्थेमार्फत मिळतो. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण ते जवळ नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. नैरोबी शहरात मलेरिया फारसा नाही, मुलांची घरं शोधत पश्चिमेकडे सरोवराच्या भागात किंवा किनाऱ्याकडे गेलात तर आहे.

पैशांचं बोलायला आपले लोक लाजतात. लाजू नका. इंदूरच्या मंडळ्या लहान आहेत, एकीच्याच जिवावर जाऊ नका. पाच-सहा ठिकाणांहून महिन्याची थोडी थोडी वचनं घ्या, आणि त्यात आरोग्यविमा, घरभाडं, वर्षाआड येण्याचं तिकीट आणि परतल्यावरचे सहा महिने धरा. परतल्यावरचे महिने सगळे विसरतात. परदेशी देणग्यांचा एफसीआरए हा आत येणाऱ्या पैशाचा कायदा आहे. बाहेर पाठवायचं गणित वेगळं. व्यक्ती आपल्या खात्यातून रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत पाठवू शकते, पण धर्मादाय ट्रस्टने परदेशात खर्च केला तर आयकराच्या सवलतीसाठी आधी मंजुरी लागते. पाळकसाहेबांना ट्रस्टच्या सीएशी बोलायला सांगा.

भाषा आजपासून सुरू करा. स्वाहिलीत गारी, डुका, चाय, चपाती हे शब्द भेटतील आणि जरा घरच्यासारखं वाटेल, पण व्याकरण अगदी वेगळं आहे. पोरं तर आपसात शेंग बोलतात, ती नैरोबीच्या रस्त्याचीच बोली, ती त्यांच्याकडूनच शिकायची. आपण चुकीचं बोललो की ती पोट धरून हसतात. हसू द्या. शिकवणारे ते आणि शिकणारे आपण, हे त्यांना क्वचितच मिळतं.

राहिले सासरे. त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला 'तुम्हाला विश्वास नाही' असं उत्तर देऊ नका. कॅनडातून जी माणसं इंदूरला आली आणि १८८७ मध्ये क्रिश्चियन कॉलेज सुरू केलं, त्यांच्याही घरी कुणीतरी हेच विचारलं असेल. आणि पंडिता रमाबाई १८९७ च्या सुमारास दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून पुण्याजवळच्या केडगावला घेऊन गेल्या, त्यांनी आपल्याच देशातली मुलं पाहिली. दोन्ही माणसं पाचारणाला जागली. दोन्हींत लहान-मोठं असं मला ठरवता येत नाही. पण म्हातारी माणसं जेव्हा 'इथली मुलं कमी पडली का' म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना 'आमचं कोण बघणार' हे विचारायचं असतं. ते तोंडाने म्हणता येत नाही. तेव्हा त्यांच्यासमोर बसा आणि त्याच गोष्टी ठरवा. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, नणंद की शेजारचे? बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला कोण आणून देणार? बँकेचं, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम कुणाकडे? आणि तातडीने यावं लागलं तर एका तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला कामासाठीही हात लावू नका, आणि त्या खात्याचं पासबुक सासऱ्यांकडेच द्या.