11 महिन्यांचा भाडेकरार नोटरी केला तर चालतो का?

प्रश्न : पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतोय. भाडं 20,000, डिपॉझिट 1 लाख, मुदत 11 महिने. एजंट म्हणतो, वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू. मसुद्यात 'सहा महिने लॉक-इन' आणि 'डिपॉझिट योग्य ती कपात करून परत' असं आहे. सही करू का?

उत्तर : इतक्यात नको. 11 महिन्यांची पळवाट महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी घरमालकाची. खर्चही फारसा नाही. तुमचं एकूण भाडं 2,20,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 9,167, बेरजेच्या 0.25 टक्के म्हणजे सुमारे 573 रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी 1,000. आधार आणि बोटांचे ठसे देऊन हे ऑनलाइन होतं. खर्च कोणी करायचा, ते आधीच ठरवून घ्या.

लॉक-इन म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडता न येणं. ते कोणाला लागू, ते नीट वाचा. फक्त तुम्हालाच असेल, तर तुम्ही तिसऱ्या महिन्यात सोडल्यास उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं मागितलं जाईल, मालक मात्र महिन्याची नोटीस देऊन तुम्हाला बाहेर काढू शकेल. 'दोन्ही पक्षांना' हे शब्द घालून घ्या.

खरी भांडणं होतात ती 'योग्य ती कपात' या तीन शब्दांवरून. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली महिन्याभराचं भाडं कापलं जातं, आणि करारात काहीच ठरलेलं नसल्याने भाडेकरू अडकतो. त्याजागी असं लिहून घ्या : 'चाव्या परत केल्याच्या दिवशी डिपॉझिट परत, कपात फक्त थकीत भाडं, वीजबिल व मोडतोडीची, तीही बिल दाखवून, नेहमीच्या वापरातली झीज धरली जाणार नाही.' गीझर, पंखे, नळ यांची यादी कराराला जोडा. भिंतीवरच्या ओलीचे फोटो आणि मीटरचं रीडिंग राहायला जाल त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा.

मुदत संपल्यावर नवा करार न करता राहू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागू शकते.

प्रश्न : सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस कोणी भरायचे?

उत्तर : मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो, म्हणून हा आकार लागतो. सोसायटी तो सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेते, आणि सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नाही. पण करारात 'सोसायटीचे सर्व आकार भाडेकरूने भरावेत' असं असेल, तर हा आकारही तुमच्याच गळ्यात पडेल. सहीआधी ती ओळ खोडून घ्या.